पापनाशमच्या वाटेवर

नाताळच्या सुटीत मुलांना घेऊन चेन्नईहून मोटारीने तंजावरास निघालो, ते दोन हेतूंनी. बृहदीश्वराचे दर्शन घ्यावयाचे होते आणि पुढे पापनाशमला एका जुन्या स्नेह्यांस भेटावयाचे होते. आम्हां दोघांची पहिली नेमणूक एकाच कचेरीत झाली होती. त्यास आता तीस वर्षे लोटली.

बृहदीश्वराच्या आवारातील भिंतीवर सरफोजीराजांनी 1803 साली कोरविलेला भोसले कुळाचा मराठी इतिहास आहे. धाकटीने एकेक अक्षर लावीत चार ओळी वाचल्या आणि विचारले, “बाबा, इथे हे वाचणारे कोण होते?” प्रश्न लहान होता, उत्तरास मात्र सारा दिवस लागला.

कुंभकोणमच्या रस्त्यावर सुमारे 25 किलोमीटरवर पापनाशम लागते. तेथील तिरुपालैत्तुरैच्या शिवमंदिरात नायक राजांच्या काळचे भाताचे प्रचंड कोठार आहे. त्यात 3000 कलम धान्य मावे, असे सांगतात. त्यापुढे उभे राहिले म्हणजे 1676 च्या सुमारास तंजावर घेणाऱ्या व्यंकोजीराजांनी येथेच गादी का स्थापिली, हे ध्यानी येते. कावेरीकाठच्या या पिकाचा हिशेब ठेवावयास कारकून लागले, आणि दरबारच्या दप्तरात मोडी आली. 1799 च्या तहाने मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला. 1855 साली शेवटचे शिवाजीराजे वारले आणि राज्यही संपले. मोडी कागद सरस्वती महालात राहिले. लेखणी धरणारे हात दुसऱ्या कचेऱ्यांकडे वळले. कुंभकोणमला 1828 साली जन्मलेले टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर व बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. आपले हे बदल्यांचे जिणे त्या घराण्यांनी आपल्याआधीच पाहिले होते.

आमचे स्नेही अशाच एका घरातले. त्यांच्या मातोश्रींनी दारातच मराठीत स्वागत केले. हेल तमिळ, पण शब्द असे की एखादी जुनी बखर बोलू लागावी. मुले प्रथम हसली, मग कान देऊन ऐकू लागली. जेवणानंतर सौभाग्यवतीने एका पदार्थाची कृती विचारली. मातोश्रींनी ती लिहून दिली. भाषा मराठी, अक्षरे तमिळ. आमच्यापैकी कोणासही ती वाचता येईना.

“तुमची मुले घरी काय बोलतात?” त्यांनी सहज विचारले. थोरल्याने इंग्रजीतच काहीसे पुटपुटून खाली पाहिले. आम्हीही गप्प राहिलो. त्यांच्याकडे बोली होती, लिपी गेली होती. आमच्याकडे लिपी होती, आणि बोली हळूहळू चालली होती. त्यांच्या घरी ती कचेरीच्या आधारावाचून दीडशेहून अधिक वर्षे टिकली, ती केवळ माजघरात रोज बोलली गेली म्हणून.

निघण्यापूर्वी स्नेह्यांनी ती कृती मोठ्याने वाचली आणि धाकटीने बालबोधीत उतरून घेतली. दोन शब्द अडले, ते मातोश्रींनी पुन्हा उच्चारून दाखविले. परतीच्या वाटेवर थोरल्याने तो कागद मागून घेतला आणि मोटारीत सर्वांना वाचून दाखविला.