बार्मेनच्या मागावरचा गरुड

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन गणवेशावरची मागावर विणलेली कापडी चिन्हे संग्राहकांच्या बाजारात सरसकट ‘बेवो’ म्हणून विकली जातात. ‘बेवो’ हे एका कारखान्याचे आखूड नाव: बांडफाब्रिक एवाल्ड फोर्स्टेहर. हा फितींचा कारखाना वुपर नदीच्या खोऱ्यात, बार्मेनला होता. बार्मेन आणि शेजारच्या एल्बरफेल्डला सूत धुऊन पांढरे करण्याचा मक्ता १५२७ मध्येच मिळाला होता. त्या सुताच्या पाठोपाठ फिती, नाड्या आणि लेसचा धंदा तिथे रुजला. १९२९ मध्ये ही गावे एक झाली आणि पुढच्या वर्षी त्यांना वुपरटाल हे नाव मिळाले.

या चिन्हांपैकी कॉलरवरची दुहेरी पट्टी जुनी, प्रशियाच्या गार्ड पलटणींकडून आलेली. छातीवरचा गरुड मात्र नवा. पंजात स्वस्तिक धरलेला हा नाझी पक्षाचा गरुड सैन्याच्या गणवेशावर चढला तो फेब्रुवारी १९३४ मध्ये, संरक्षणमंत्री ब्लॉमबर्ग यांच्या आदेशाने. हिटलरच्या नावाने निष्ठेची शपथ सैन्याने घेतली ती त्यानंतर, ऑगस्टमध्ये. सेनापतींनी पक्षापुढे मान तुकवली, याचा पुरावा असा कापडावर आधीच उमटला होता.

अधिकाऱ्यांचा गरुड ॲल्युमिनियमच्या तारेने हाताने भरलेला असे, जनरलचा सोनेरी तारेने. लाखो शिपायांसाठी असे भरतकाम परवडणारे नव्हते. तिथे जॅकार्ड माग कामी आला. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्या कोणता उभा धागा उचलायचा ते ठरवत आणि एकामागून एक गरुड सलग फितीवर उतरत. ही फीत कापून, कडा आत दुमडून, चिन्ह डगल्यावर शिवले जाई. असे मागावरचे चिन्ह पाठीमागून पाहावे. पुढचे चित्र तिथे उलट्या रंगांत, आडव्या धाग्यांच्या सलग ओळींत दिसते.

सैन्याच्या प्रत्येक शाखेचा रंग वेगळा होता: पायदळाचा पांढरा, तोफखान्याचा लाल, रणगाडा दलाचा गुलाबी. सुरुवातीला कॉलरपट्टीतही तो रंग विणला जाई. इतके प्रकार विणणे आणि साठवणे जिकिरीचे झाल्यावर सर्वांना एकच पट्टी आली. युद्ध लांबले तसा गडद हिरवा आणि चंदेरी थाट जाऊन मळकट करडा रंग आला. १९४४ चा गरुड तर त्रिकोणी तुकड्यावर विणलेला; सरळ कडा यंत्रावर झटपट शिवता याव्यात, एवढाच त्यामागचा हेतू. मार्च १९४५ मध्ये जाहीर झालेली ‘कुरलांड’ ही बाहीपट्टी लाटवियातल्या त्याच नावाच्या प्रदेशात वेढ्यात अडकलेल्या फौजेसाठी तिथल्याच मागांवर विणली गेली आणि तिच्या ओबडधोबड विणीवर ते दिसते.

याच काळातले एक चिन्ह भारताशी जोडलेले आहे. सुभाषचंद्र बोस यांच्या पुढाकाराने युद्धकैद्यांतून उभ्या राहिलेल्या आझाद हिंद लीजनच्या बाहीवर केशरी-पांढरा-हिरवा ढालीच्या आकाराचा बिल्ला असे. मधल्या पट्ट्यावर झेपावणारा वाघ आणि वर जर्मन भाषेत ‘फ्रायस इंडियन’, म्हणजे स्वतंत्र भारत, ही अक्षरे.

संग्रहाची सुरुवात विजेत्या सैनिकांनी केली. कैद्यांच्या डगल्यांवरून उसवलेली चिन्हे आठवण म्हणून पेट्यांतून अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये गेली. किमती वाढल्या तशा नकलाही आल्या. जांभळ्यापार किरणांच्या दिव्याखाली धागा निळसर चमकला तर माल युद्धानंतरचा, असा सर्रास निकाल दिला जातो. कारण चमक आणणारी रसायने कापडात सर्रास आली ती नंतर. पण जुना बिल्ला आधुनिक साबणाने धुतला तरी तो चमकतो, आणि जुना धागा वापरून केलेली नक्कल चमकत नाही. पॉलिएस्टरचा धागा सापडला तर मात्र शंका उरत नाही. पॉलिएस्टरचा शोध १९४१ मध्ये ब्रिटनमध्ये लागला. युद्धकाळातल्या जर्मन मागावर तो धागा असणे शक्य नाही.

जर्मनीत स्वस्तिकाचे जाहीर प्रदर्शन दंडसंहितेच्या ८६ अ कलमाखाली गुन्हा आहे. संशोधन आणि शिक्षणाला त्यातून सूट आहे, घरात संग्रह बाळगण्यावर बंदी नाही. म्हणून तिथल्या लिलावाच्या सूचिपत्रांत गरुड पूर्ण दिसतो आणि त्याच्या पंजातले चिन्ह झाकलेले असते.