रानमेथीची गोष्ट

निजवाला गेलो की फलज दारीसच्या काठी बसायचं, हा आमचा नेम. २००६ साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या या पाटावर आजही खजुराच्या बागा भिजतात. या हिवाळ्यात बाबा सोबत होते. लसूणघासाच्या वाफ्यात त्यांना पिवळ्या फुलांचं एक रोप दिसलं. "अरे, ही तर रानमेथी! आपल्याकडे गव्हात माजते ती." चाऱ्याच्या बियांत मिसळून तिचं बी शेतोशेत पोचतं आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतं.

तिची भावंडं चारा, मध आणि जमिनीचा कस यांसाठी उत्तर अमेरिकेत नेली गेली आणि तिथे रानोमाळ पसरली. १९२० च्या दशकात तिचा बुरशी लागलेला वाळका चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरू लागली. कॅनडातले पशुवैद्य फ्रँक स्कोफील्ड यांनी दोष बुरसटलेल्या चाऱ्याचा असल्याचं दाखवलं. १९३३ साली विस्कॉन्सिनचा एक शेतकरी न गोठणारं रक्त घेऊन कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत आला. १९३९ मध्ये तिथे डायकुमारॉल हाती लागलं. त्याच्याच कुळातलं वॉरफरिन १९४८ मध्ये उंदरांचं विष म्हणून आणि १९५४ पासून माणसांचं औषध म्हणून वापरात आलं.

बाबांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे. रोज रात्री ते हीच गोळी घेतात. म्हणून आमच्या घरी रक्ततपासणीची तारीख चुकत नाही आणि मेथीची भाजीसुद्धा बेतानेच होते.

हे सांगितल्यावर बाबा हसले. "तण ते तण, शेतकऱ्याने उपटायलाच हवं. पण उपटण्यापूर्वी ओळख तरी असावी!"