नरसिंग यादव प्रकरण: न सांगता होणाऱ्या डोप टेस्टवरून वाद का होतो?

डोप टेस्ट स्पर्धेच्या वेळी होते, तशीच ती न कळवता सराव शिबिरात किंवा घरीही होते. वाद पेटतात ते बहुतेक या दुसऱ्या प्रकारावरून.

तीन वेळा 'महाराष्ट्र केसरी' ठरलेल्या मुंबईच्या नरसिंग यादवने २०१५च्या जागतिक कुस्ती स्पर्धेत ब्राँझ जिंकून ७४ किलो गटात रिओ ऑलिम्पिकचा कोटा मिळवला. निवड चाचणी मागणारी सुशील कुमारची याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने फेटाळली. मग २५ जून २०१६ रोजी सोनीपतच्या शिबिरात घेतलेल्या नमुन्यात मेथॅन्डिएनोन हे स्टेरॉइड सापडलं.

आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी ते मिसळलं, असं नरसिंगचं म्हणणं. नाडाने ते मान्य करून १ ऑगस्टला त्याला निर्दोष सोडलं. जागतिक संस्था वाडा मात्र क्रीडा लवादाकडे गेली. इतकं प्रमाण पेयात पावडर मिसळून नव्हे, गोळी घेतल्यानेच येतं, असं तिथे तज्ज्ञांनी सांगितलं. १८ ऑगस्टला, म्हणजे लढतीच्या आदल्या दिवशी, चार वर्षांची बंदी आली.

खरी मेख नियमात आहे. शरीरात द्रव्य सापडलं की जबाबदार खेळाडूच. कट झाला असेल तर तो सिद्धही त्यानेच करायचा. शिबिरातल्या स्वयंपाकघरावर ज्याचा ताबा नाही, त्याच्यासाठी हे जवळपास अशक्यच.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये तर अशा चाचण्या अनेकदा करारातच ठरतात. रक्तचाचणीच्या अटीवरून मेवेदर-पॅकियाओ लढत २०१०मध्ये फिसकटली. ती झाली थेट २ मे २०१५ला. आपल्या बीसीसीआयनेही कुठे असणार हे आधी कळवण्याच्या नियमाला वर्षानुवर्षं विरोध केला आणि ऑगस्ट २०१९मध्ये नाडाची चाचणी स्वीकारली.