‘पहिली कोण?’ हा प्रश्न मी का सोडला

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक तक्ता केला होता. स्त्री दिग्दर्शक, सिनेमा, साल. कसब्यातल्या खोलीत बसून, तांबट आळीतली ठोकठोक ऐकत, मोठ्या उत्साहात. गाइडनी तो पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, "यादी झाली. प्रश्न कुठंय?"

तुम्हीही हे ऐकणार आहात, म्हणून सांगते.

यादी केली की वाटतं, आलेख चढताच असणार. पण फातमा बेगम यांनी ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला 1926 साली! मग पुढे चढण कुठंय? पुण्याचंच बघा. 1933 मध्ये ‘प्रभात’ कोल्हापूरहून इथं आली. शांताराम, दामले, फत्तेलाल हे बाबूराव पेंटरांच्या हाताखाली पडेल ते काम करत शिकलेले. दिग्दर्शनाची शिडी ती होती. बायका स्टुडिओत होत्या, पण कॅमेऱ्यासमोर, करारावर. शांता आपटे ‘कुंकू’मध्ये (1937) जरठविवाहाविरुद्ध उभ्या राहिल्या, तेव्हा दिग्दर्शक शांतारामच होते. दोन वर्षांनी त्याच शांताबाई करारावरून ‘प्रभात’च्या दाराशी उपोषणाला बसल्या. 1940 मध्ये त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिलं. माझ्या तक्त्यात मात्र त्यांना जागाच नव्हती, कारण त्या दिग्दर्शक नव्हत्या. इथं मला पहिल्यांदा तक्त्याचा राग आला.

मग प्रश्न बदलला: ज्या दिग्दर्शक झाल्या, त्या आल्या कुठून?

सई परांजपे आकाशवाणी, बालनाट्य, दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय आणि दूरदर्शन अशा वाटेनं ‘स्पर्श’पर्यंत पोचल्या. विजया मेहतांच्या मागे ‘रंगायन’ची रंगभूमी होती, ‘रावसाहेब’ (1986) नंतरचा. स्मिता तळवलकर दूरदर्शनच्या वृत्तनिवेदिका, मग निर्मात्या, आणि 1993 मध्ये ‘सवत माझी लाडकी’च्या दिग्दर्शक. स्टुडिओची शिडी चढून यातलं कुणीच आलं नाही. शिडी बाहेरच होती, रेडिओत, नाटकात, टीव्हीवर.

सुमित्रा भावे यांची गोष्ट तर आपल्यासारख्यांनी मुद्दाम वाचावी अशी. त्या समाजशास्त्रीय संशोधन करणाऱ्या. पुण्यातल्या वस्त्यांमधल्या बायकांचा अभ्यास करताना एक साधी अडचण आली: ज्यांच्यावर लिहायचं, त्यांना तो अहवाल वाचता येणार नाही. म्हणून सिनेमा. कसलंही चित्रपट-शिक्षण नसताना केलेल्या ‘बाई’ला (1985) राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. (आपले प्रबंध कोण वाचतं, हा प्रश्न मी सध्या टाळते.)

यातही एक गाठ आहेच. ‘दोघी’पासून (1995) श्रेयनामावलीत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर अशी दोन नावं येतात. सुकथनकर फिल्म इन्स्टिट्यूटचे, म्हणजे ‘प्रभात’च्याच जुन्या आवारात शिकलेले. 2016 च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळवणारा ‘कासव’ही दोघांचाच. मोजायचं कसं? अर्धा सिनेमा लिहायचा? मी काही दिवस खरंच 0.5 लिहीत होते. हसू नका.

आता तो आकडा खोडला आहे. तक्त्यात ‘साला’च्या आधी एक नवा रकाना आलाय, ‘आधी काय करत होत्या’. शांताबाईंचं नावही आलंय. त्यांच्या पुढचा ‘सिनेमा’चा रकाना रिकामा ठेवला आहे, मुद्दाम.