ढेकणांवरील रोगकारक बुरशी

ढेकणांच्या शरीरात वाढून त्यांना मारणाऱ्या व म्हणून जैविक नियंत्रणास उपयोगी ठरू शकणाऱ्या कवकांचा गट (→ कवक, ढेकूण). बुरशीमुळे कीटकाला रोग होतो, हे १८३५ मध्ये आगोस्तीनो बास्सी यांनी रेशीमकिड्यांवर दाखवले. त्या बुरशीला ब्यूव्हेरिया बॅसियाना हे नाव त्यांच्यावरून पडले.

मुंबईच्या उष्ण, दमट हवेत सायमेक्स हेमिप्टेरस ही ढेकणाची जाती आढळते. देवनारसारख्या दाट वस्तीच्या उपनगरात खाटेचे सांधे, गादीची शिवण व भिंतीच्या फटी या तिच्या लपण्याच्या जागा. पायरेथ्रॉइड औषधांना ढेकूण दाद देईनासे झाल्याने बुरशीचे महत्त्व वाढले.

ओळख पटवताना मेलेला ढेकूण सौम्य सोडियम हायपोक्लोराइटने धुऊन ओल्या गाळणकागदावर ठेवतात. सांध्यांतून पांढरे तंतू फुटले, की ते बटाटा-डेक्स्ट्रोज आगरवर वाढवतात. बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात व डीएनएतील आयटीएस भागाचा क्रम तपासतात. मृत शरीरावर ॲस्परजिलससारख्या बुरशा मागाहूनही उगवतात आणि त्यांतील काही माणसाला अपायकारक असतात. म्हणून निरोगी ढेकणांना पुन्हा संसर्ग करून पाहण्याची पायरी कधीच गाळू नये.

ब्यूव्हेरियाचे बीजाणू त्वचा भेदून आत शिरतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पेनसिल्व्हेनियातील प्रयोगांत फवारलेल्या पृष्ठभागावरून गेलेले ढेकूण सुमारे पाच दिवसांत मेले, शिवाय त्यांनी बीजाणू लपणीतल्या इतरांपर्यंत नेले. मेटाऱ्हायझियम (→ जैव कीटकनाशके) ही बुरशी मात्र अतिदमट हवेतच प्रभावी ठरते. ढेकणाच्या गंधस्रावातील अल्डिहाइडे तिची वाढ रोखतात.