हलती शिल्पे : वारा, मोटर आणि घर्षण

शिल्प म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दगडाची किंवा धातूची स्थिर आकृती उभी राहते. लेण्यातील मूर्ती असो वा चौकातील पुतळा, तो जागचा हलत नाही हे आपण गृहीतच धरलेले असते. विसाव्या शतकात मात्र काही कलावंतांनी हे गृहीतक बाजूला ठेवले. दगड, लाकूड, धातू यांच्याप्रमाणेच हालचाल हेही शिल्पाचे माध्यम होऊ शकते, असे त्यांनी ठरवले. पुढे ही हलती शिल्पे कलादालनाबाहेर पडून चौकांत, उद्यानांत आणि विमानतळांवर आली.

या शिल्पांचा इतिहास कलासमीक्षकांनी लिहिला आहेच. येथे आपण तो विज्ञानाच्या बाजूने पाहू. शिल्प हलू लागले, की ते यंत्र बनते आणि यंत्राला लागू असलेले सारे नियम त्याला लागू होतात. त्याला ऊर्जा लागते, त्याच्या सांध्यांत घर्षण असते, त्याचे भाग झिजतात. दगडी पुतळ्याकडे शंभर वर्षे कोणी लक्ष दिले नाही तरी तो बहुधा पुतळाच राहतो. हलत्या शिल्पाकडे दहा वर्षे दुर्लक्ष झाले, तर त्याचे काय उरते? या इतिहासातला खरा प्रश्न हाच आहे.

वातकुक्कुटापासून विजेच्या घंटेपर्यंत

शहरातील हलती आकृती ही कल्पना तशी जुनी आहे. स्पेनमधील सेव्हिल येथील प्रार्थनामंदिराच्या मनोऱ्यावर १५६८ मध्ये ब्राँझची एक भव्य स्त्री-आकृती बसवण्यात आली. ती वाऱ्याबरोबर फिरते आणि वातकुक्कुटाचे काम करते. स्पॅनिश भाषेतील ‘फिरणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून तिला नाव मिळाले आणि तिच्यावरून साऱ्या मनोऱ्यालाच ‘गिराल्दा’ म्हणू लागले. पण येथे हालचाल उपयोगासाठी होती. वाऱ्याची दिशा कळावी हा तिचा हेतू.

हालचालीसाठीच हालचाल, हा विचार स्पष्टपणे मांडला तो रशियन शिल्पकार नाउम गाबो याने. म्युनिकमध्ये त्याने आधी वैद्यक आणि नंतर निसर्गविज्ञाने व अभियांत्रिकी यांचा अभ्यास केला होता. ऑगस्ट १९२० मध्ये मॉस्कोत त्याने आपला भाऊ आंत्वान पेव्हस्नर याच्यासह एक जाहीरनामा भिंतींवर लावला आणि कलेत गतीला स्थान मिळाले पाहिजे असे त्यात बजावले. विद्यार्थ्यांना ही कल्पना पटवून देण्यासाठी त्याने एक साधन तयार केले. एका पेटीवर पोलादाची एकच उभी बारीक कांब, आणि खाली तिला थरथरवणारी विजेची यंत्रणा. त्या टंचाईच्या दिवसांत सुटे भाग मिळेनात, म्हणून जुन्या विजेच्या घंटेची यंत्रणा त्याने कामाला लावली.

कांब स्थिर असताना ती फक्त एक रेषा असते. यंत्रणा सुरू होताच तिच्यात स्थिर तरंग निर्माण होतो. काही बिंदू जवळजवळ जागीच राहतात, तर त्यांच्यामधले भाग वेगाने मागेपुढे होतात. दृष्टिसातत्यामुळे आपल्या डोळ्याला कांबेची वेगवेगळी स्थाने सुटी दिसत नाहीत. दिसतो तो एक पारदर्शक, फुगीर आकार. वीज बंद केली की आकार नाहीसा! गाबो स्वतः या वस्तूला कल्पनेचे स्पष्टीकरण समजत असे. परंतु हालचाल थांबली की शिल्पही संपते, ही गोष्ट त्याच्या या पहिल्याच प्रयोगात दिसून आली होती.

काल्डरचे तराजू

अलेक्झांडर काल्डर (१८९८–१९७६) हा अमेरिकी शिल्पकार १९१९ मध्ये यंत्र-अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडला होता. १९३० च्या सुमारास पॅरिसमध्ये त्याने हलणाऱ्या अमूर्त रचना करण्यास सुरुवात केली. १९३१ मध्ये मार्सेल द्युशाँ याने त्यांना ‘मोबाइल’ हे नाव दिले. (आज हा शब्द उच्चारताच विद्यार्थ्यांचा हात खिशाकडे जातो, पण शिल्पाला ते नाव दूरध्वनीच्या कितीतरी आधी मिळाले आहे.)

काल्डरच्या सुरुवातीच्या काही रचना हाताने किंवा मोटरने चालत. लवकरच त्याने मोटरपेक्षा वाऱ्याला पसंती दिली. याचे एक कारण समजण्यासारखे आहे. मोटर तेच तेच आवर्तन पुन्हा करते. हवेच्या झुळकीने हलणारी, एकमेकांना जोडलेल्या अनेक दांड्यांची रचना मात्र पुन्हा त्याच स्थितीत सहसा येत नाही.

मोबाइलचे तत्त्व तराजूचेच. समजा, ६० सेंटिमीटर लांबीची हलकी दांडी आहे. एका टोकाला २० ग्रॅमचा आणि दुसऱ्या टोकाला ४० ग्रॅमचा पत्रा टांगला आहे. दोरा कोठे बांधावा? हलक्या पत्र्यापासून ४० आणि जड पत्र्यापासून २० सेंटिमीटरवर; कारण २० × ४० आणि ४० × २० हे गुणाकार समान आहेत. आता ही संपूर्ण रचना वरच्या दांडीच्या दृष्टीने ६० ग्रॅमचे एकच वजन होते. म्हणून मोबाइल नेहमी खालून वर बांधत जावे लागते. वरून सुरुवात करणारा विद्यार्थी हमखास अडकतो, आणि का अडकलो हे त्याला कळले की तरफेचा धडा अर्धा शिकून होतो.

जानेवारी १९५५ मध्ये गिरा साराभाई यांच्या निमंत्रणावरून काल्डर अहमदाबादला आला आणि तीन आठवड्यांच्या मुक्कामात त्याने तेथेच काही शिल्पे घडवली. त्यानंतर त्याची कामे आकाराने वाढत गेली. १९५८ मध्ये पॅरिस येथील युनेस्कोच्या मुख्यालयासाठी त्याने ‘स्पिराल’ हे उघड्यावरील मोठे शिल्प केले.

परंतु आकार वाढवला की नवी अडचण उभी राहते. सर्व मापे दुप्पट केली तर पत्र्याचे क्षेत्रफळ चौपट होते, वजन मात्र आठपट. वारा ढकलतो तो क्षेत्रफळाला, हलवायचे असते ते वजन. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनाच्या नव्या इमारतीसाठी काल्डरने आखलेल्या २३ मीटर विस्ताराच्या मोबाइलबाबत हेच झाले. पोलादात केले असते, तर दालनातल्या मंद हवेने ते हलले नसते. पॉल मातीस याने, जो प्रसिद्ध चित्रकार मातीसचा नातू, मधाच्या पोळ्यासारखी पोकळ रचना असलेले ॲल्युमिनियमचे पत्रे वापरून ते घडवले. वजन भरले अवघे ४१७ किलोग्रॅम. १९७७ मध्ये ते टांगले गेले, तेव्हा काल्डरच्या मृत्यूला एक वर्ष झाले होते.

वाऱ्याशी करार

दालनातला वारा मंद असतो, रस्त्यावरचा तसा नसतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदाला ५ मीटरच्या झुळकीपेक्षा ३० मीटरच्या वादळी वाऱ्याचा दाब ३६ पट असतो. शिल्पाने झुळकीला दाद द्यावी आणि वादळात मोडू नये, या दोन्ही अटी एकाच वेळी पाळायच्या आहेत.

जॉर्ज रिकी (१९०७–२००२) याने हा प्रश्न फार सुंदर सोडवला. त्याचे आजोबा घड्याळजी, वडील शिवणयंत्रांच्या कारखान्यात अभियंते. स्वतः त्याने ऑक्सफर्डला इतिहास शिकला. दुसऱ्या महायुद्धात हवाईदलातील तोफांच्या नेमसाधनांशी त्याचा संबंध आला आणि तेथील कार्यशाळेत त्याने पहिली हलती रचना केली. १९६४ मध्ये जर्मनीतील कासेलच्या प्रदर्शनात त्याने दहा मीटरहून उंच असे एक शिल्प मांडले. त्यात पोलादाची दोन निमुळती पाती होती. ती वाऱ्याने संथपणे झुकत, एकमेकींजवळून जात, पण एकमेकींना लागत नसत.

एवढे मोठे पाते इतके संथ का हलते? पात्याच्या खालच्या भागात शिसे भरून रिकी त्याचा गुरुत्वमध्य टेकूच्या अगदी थोडा खाली आणत असे. असे पाते म्हणजे संयुक्त लंबकच. गुरुत्वमध्य टेकूच्या जितका जवळ, तितके पात्याला सरळ करणारे आघूर्ण कमी आणि दोलनकाल जास्त. हे वर्गात सहज पडताळता येते. एक मीटरची लाकडी पट्टी टोकापाशी टांगली तर तिचा दोलनकाल सुमारे १.६ सेकंद येतो. मध्यापासून ५ सेंटिमीटरवर टांगली तर २.६ सेकंद, आणि १ सेंटिमीटरवर टांगली तर ५.८ सेकंद. टेकू मध्यापासून फक्त १ मिलिमीटर दूर ठेवता आला, तर हा काल १८ सेकंदांच्या घरात जाईल. प्रत्यक्षात तेथवर पोहोचता येत नाही, कारण तोपर्यंत घर्षण वरचढ ठरते. म्हणूनच टेकूची धार किंवा बेअरिंग हा अशा शिल्पाचा प्राण होय.

काही कलावंतांनी बेअरिंगच टाळले. अमेरिकेच्या जॅनेट एकलमन १९९७ मध्ये भारतात आल्या असता महाबलीपुरमच्या किनाऱ्यावर कोळ्यांची जाळी पाहून त्यांना जाळ्यांची शिल्पे सुचली. २००५ मध्ये पोर्तुगालमधील पोर्तोजवळच्या एका समुद्राकाठच्या चौकावर त्यांचे प्रचंड जाळे उभे राहिले. जाळे लवचीक असल्याने सांध्याची गरज नाही. मात्र तेथे शत्रू बदलतो : घर्षणाच्या जागी सूर्यप्रकाशातील अतिनील किरण येतात, आणि धागा त्यांना टिकणारा निवडावा लागतो.

मोटरचा मार्ग

स्वित्झर्लंडचा झाँ टिंगेली (१९२५–१९९१) याने यंत्राचा खडखडाट लपवला नाही, उलट तोच पुढे आणला. १७ मार्च १९६० रोजी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या बागेत त्याने भंगारातली चाके, पियानो आणि मोटरी यांचे एक अवाढव्य यंत्र चालू केले. त्याने स्वतःलाच मोडून टाकावे अशी योजना होती. बेल प्रयोगशाळेतील अभियंता बिली क्लूव्हर याने त्याला मदत केली होती. सुमारे २७ मिनिटांनी अग्निशामक दलाने हस्तक्षेप करून खेळ संपवला.

हाच टिंगेली पुढे शहरांसाठी टिकाऊ कामे करू लागला. १९७७ मध्ये बाझेल येथे, जुन्या नाट्यगृहाच्या जागी, त्याने उथळ हौदात पाणी उडवणाऱ्या लोखंडी आकृत्या बसवल्या. त्यांत पाडलेल्या नाट्यगृहाच्या रंगमंचावरील यंत्रांचे भाग वापरले. १९८३ मध्ये पॅरिसला पाँपिदू केंद्राशेजारी त्याने आणि निकी द सँ फाल यांनी स्त्राविन्स्की कारंजे उभारले. त्यात १६ आकृत्या आहेत. हौदाच्या खाली ध्वनिसंशोधन संस्थेच्या खोल्या असल्याने पाणी उथळ आणि सारे साहित्य हलके ठेवावे लागले. चौकातील कलाकृतीचा आकार असा पायाखालच्या छताची ताकदही ठरवते!

थांबलेली शिल्पे

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. बेल्जियममधील लिएज येथे निकोला शोफर याने १९६१ मध्ये ५२ मीटर उंचीचा मनोरा उभारला. त्यावरील आरशासारखे पत्रे आसपासचा आवाज, प्रकाश, तापमान यांच्या नोंदींनुसार फिरावेत अशी योजना होती. त्या काळी ही फार पुढची कल्पना होती. पण यंत्रणा बंद पडली आणि मनोरा कित्येक दशके नुसता उभा राहिला. दुरुस्तीनंतर २०१६ मध्ये तो पुन्हा फिरू लागला. स्त्राविन्स्की कारंज्याचीही २०२३ मध्ये मोठी डागडुजी झाली.

काल्डरच्या ‘पिट्सबर्ग’ या मोबाइलची कथा वेगळी आहे. १९५८ मधील हे काळ्या-पांढऱ्या रंगाचे शिल्प त्या शहराच्या विमानतळासाठी देणगी म्हणून मिळाले. स्थानिक प्रशासनाने ते आपल्या हिरव्या आणि सोनेरी रंगांत रंगवून टाकले आणि त्याच्या मुक्त हालचालीतही ढवळाढवळ केली. काल्डरने निषेध केला, पण त्याच्या हयातीत काही झाले नाही. मूळ रंग परत आले ते त्याच्या मृत्यूनंतर.

रंग बिघडला तर लोकांच्या निदान लक्षात येते. हालचाल थांबली तर तेही होत नाही, कारण शिल्प स्थिरच असते अशी आपली जुनी समजूत असते. म्हणून थांबलेले शिल्प वर्षानुवर्षे खपून जाते. दुरुस्ती करायची म्हटली तरी प्रश्न सोपा नाही. जुनी मोटर मिळत नसेल तर नवी बसवावी का? तिचा आवाज आणि वेग वेगळा असेल तर? लंडनच्या टेट संग्रहालयातील गाबोच्या कांबेची आवृत्तीही १९८५ मध्ये पुन्हा बनवलेली आहे. माझ्यासारख्या उपकरणांमध्ये वावरणाऱ्याला यात फारसे खटकत नाही. गाबोचे शिल्प पोलादाच्या त्या तुकड्यात नव्हतेच. ते थरथरणाऱ्या कांबेच्या आकारात होते, आणि तो आकार जिवंत ठेवायचा तर भाग बदलावेच लागतील. मूळ वस्तू जपायची म्हणून तिला थांबवून कपाटात ठेवणे, हे येथे जपणे होत नाही.

यासाठी शहराला विकतच्या किमतीखेरीज दरवर्षीच्या तेलपाण्याचा, बेअरिंगचा आणि जाणत्या कारागिराचा खर्च धरावा लागतो. शिल्पाच्या अनावरणाला गर्दी होते. बेअरिंग बदलताना कोणी हार घेऊन येत नाही.

शिक्षकांनी आठवी-नववीच्या वर्गात पुठ्ठा, झाडूच्या काड्या आणि दोरा यांचा एक मोबाइल करून खिडकीजवळ टांगावा. महिनाभराने विद्यार्थ्यांना तो पुन्हा पाहायला सांगावे : दोरा घसरला आहे का, पुठ्ठा दमट हवेने जड झाला आहे का, दांडी कोणत्या बाजूला कलली आहे? मग तो पुन्हा संतुलित करण्याचे काम पाळीपाळीने एकेका गटाकडे द्यावे.