गुळवेल घेताय? आधी तपासणीचे पाहा

कोरोनाच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी अनेकांनी गुळवेलीचा काढा सुरू केला. भुसावळ परिसरातही कडुनिंबावर चढलेली गुळवेल घरी आणून उकळली जाते. पण ती नक्की गुळवेलच आहे का?

सप्टेंबर ते डिसेंबर २०२० दरम्यान गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी केली. त्या वनस्पतीची ओळख पटवलेली नव्हती, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. तिच्यासारख्या दिसणाऱ्या ‘टिनोस्पोरा क्रिस्पा’ या वेलीकडेही लक्ष वेधले. तपासणी नसेल तर दोष कशाचा, हे सांगता येत नाही.

तपासणीत काय पाहतात?
वनस्पतीची खरी ओळख, शिसे-पाऱ्यासारखे जड धातू, जंतू, बुरशीचे विष आणि कीटकनाशकांचे अंश. चूर्ण नुसते पाहून यातले काहीच कळत नाही.

काय काळजी घ्यावी?
• परवाना क्रमांक, बॅच क्रमांक व मुदत छापलेलेच औषध घ्या.
• यकृताचा किंवा ऑटोइम्यून आजार असल्यास, तसेच गरोदरपणात, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.
• डोळे पिवळे होणे, गडद लघवी, खाज किंवा भूक मंदावणे जाणवल्यास काढा थांबवा. औषधाचे वेष्टन घेऊन त्वरित डॉक्टरांकडे जा.